दुधाच्या बिलातली पुस्तकं

आमच्या गावात पुस्तकांचं दुकान आहे असं सांगितलं की पाव्हणेरावळे हसतात. माणदेशातलं कोरडवाहू गाव. इथं दुकान म्हणजे खताचं, पशुखाद्याचं, मोबाईलचं, नाहीतर चहाचं. तालुक्याच्या गावालासुद्धा वह्या, गाईडं आणि लग्नपत्रिका मिळतात, वाचायचं पुस्तक मिळत नाही. पण आमच्याकडं आहे. आणि ते कुणा एकाचं नाही, त्रेसष्ट जणांचं आहे. त्यातला मी एक. माझ्या घरात दोन शेअर आहेत, एक माझ्या नावावर आणि एक घरातलीच्या नावावर.

हे कसं झालं ते आधी सांगतो. भिशी आमच्यात फार जुनी. दहा-बारा जणांनी दर महिन्याला पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्यानं उचलायचे. कुणी त्यातून शेळी घेतं, कुणी पत्रा घेतं, कुणी पोरीच्या बाळंतपणाला ठेवतं. 2016 साली आमच्या कट्ट्यावरच्या भिशीत एक नाव गुरुजींचं निघालं. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, घरी पेन्शन. ते म्हणाले, "मला पैशाची नड नाही. ह्या पैशाची पुस्तकं आणू आणि गावात विकायला ठेवू. विकली की पुन्हा आणू."

आम्ही म्हणालो, वाचनालय काढा की. 1967 चा ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, सरकार अनुदान देतं. गुरुजी म्हणाले, "वाचनालय पाहिजेच. पण तिथलं पुस्तक परत द्यावं लागतं. माझ्या शाळेत पंचवीस वर्षं पोरं शिकली, एकाच्याही घरात पोथी आणि पंचांग सोडून तिसरं पुस्तक बघितलं नाही. पुस्तक घरात राहिलं पाहिजे. पाहुणा आला तर त्याच्या नजरेला पडलं पाहिजे."

मग त्यांनी दोन दाखले दिले. पहिला मुंबईचा. 1974 साली दिनकर गांगल आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ग्रंथाली' काढली. वाचकांनी आधी सभासद व्हायचं, वर्गणी भरायची, आणि पुस्तक स्वस्तात घ्यायचं. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आणि लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' 1980 साली असंच लोकांपुढं आलं. दुसरा दाखला केरळचा. तिथं कोट्टायमला 1945 साली लेखकांनीच सहकारी संस्था काढली आणि पुढं पुस्तकांचं दुकानही संस्थेच्या ताब्यात घेतलं. "लेखक दुकान चालवू शकतात, वाचक छापखान्याला पैसे पुरवू शकतात, मग शेतकरी का नाही?" असं त्यांचं म्हणणं.

सहकार आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. सोसायटी, दूध संस्था, कारखाना, ह्यात आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य गेलेलं. सहकारात काय चांगलं होतं आणि कुठं पाणी मुरतं ते आम्हाला तोंडपाठ. म्हणून नियम आधी केले. शेअर 500 रुपयांचा. एका घरात दोनाच्या वर नाही. मत माणशी एक, शेअर कितीही असोत. लाभांश पैशात मिळणार नाही, सभासदाला पुस्तक दहा टक्क्यांनी कमी दरात. वर्षातून एकदा देवळात सभा, आणि जमाखर्च मोठ्यानं वाचायचा. उधारी चालेल, पण वहीत अंगठा किंवा सही पाहिजे.

पहिली खरेदी करायला मी आणि गुरुजी पुण्याला गेलो. अप्पा बळवंत चौकात दिवसभर फिरलो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, 1976 चा, एवढी पुस्तकं एका जागी आयुष्यात बघितली नव्हती. व्यवहार मात्र ओळखीचा निघाला. कुणी पंचवीस टक्के सोडतं, कुणी तीस, जास्त नग घेतले तर आणखी थोडं. विकली नाहीत तर परत घ्याल का, हे आधीच विचारून घ्यायचं. बियाण्याच्या दुकानात आम्ही जे विचारतो तेच. दोन पोती भरली आणि एसटीत चढवली.

कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितलं.

"शेंगा हायत का?"

"पुस्तकं हायत."

"शाळंची?"

"न्हाय. वाचायची."

त्यानं लगेजचं तिकीट फाडलं, ते फाडायलाच पाहिजे होतं. फलटण मागं टाकलं, गाडी जरा रिकामी झाली, तसा तो आमच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बघू तरी एखादं." गुरुजींनी पोत्याचं तोंड सोडून 'बनगरवाडी' काढलं. दहिवडीला उतरायच्या आधी त्यानं ते विकत घेतलं. आमची पहिली विक्री अशी गाडीतच झाली. गुरुजींनी तिकिटाच्या मागं लिहून ठेवली, गावात आल्यावर वहीत चढवली.

'बनगरवाडी' आमच्याकडं आजही सगळ्यात जास्त जातं. 1955 सालचं पुस्तक. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळं आमच्याच आटपाडी तालुक्यातलं, त्यामुळं लोकांना वाटतं आपल्याच भावकीतल्या माणसानं लिहिलंय. धनगराच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, आणि पुढं दुष्काळ सगळी वस्ती उठवून नेतो. ज्यानं बहात्तरचा दुष्काळ बघितलाय त्याला त्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. बहात्तरला मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आई-बापाबरोबर खडी फोडायला जायचो. जेवणाच्या सुट्टीत मुकादम पेपर मोठ्यानं वाचायचा, कुठं धान्य आलं, कुठं काम निघालं. हातातला हातोडा खाली ठेवून सगळी माणसं ऐकायची. छापलेल्या अक्षरात आपल्या पोटाची बातमी असते हे मला तिथं कळलं.

आमच्या वस्तीवरचे एक म्हातारे धनगर आहेत, नव्वदीच्या घरातले. नातवानं त्यांना 'बनगरवाडी' वाचून दाखवलं. मी विचारलं, कसं काय वाटलं? म्हणाले, "समदं खरं हाय. पर मेंढराच्या रोगावर एक औषध लिवलं आसतं तर पैसं वसूल झालं आसतं." अशीही गिऱ्हाइकं आहेत. त्यांचं मी वाईट मानत नाही.

पहिली दोन वर्षं आम्ही ग्रामपंचायतीच्या गाळ्यात होतो, चौकात. भाडं महिन्याला 500. धंदा म्हणाल तर जेमतेम. मग पोरांनी मागणी केली, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवा. पोलिस भरती, तलाठी, एमपीएससी. ह्यावरून सभेत तंडण झालं. गुरुजींना ते पटत नव्हतं. ते म्हणाले, गाईडं विकायची तर तालुक्याला दुकानं कमी आहेत का? मी पोरांच्या बाजूनं बोललो. म्हटलं, आपण ज्वारीच्या रानात कडेनं करडई लावतोच की. करडईनं रान राखलं जातं आणि तेलही मिळतं. शेवटी एक फळी त्यांना दिली. खोटं कशाला बोलू, पुढची कैक वर्षं त्या एका फळीनं दुकानाचं भाडं भरलं.

पण त्या फळीकडं बघितलं की माझ्या पोटात कालवायचं. आमच्या गावातली निदान वीस पोरं त्या पुस्तकांच्या मागं पुण्याला गेली. खोली भाड्यानं, डबा मेसचा, अभ्यासिकेत बारा-बारा तास. बापानं कधी शेळ्या विकून पैसे पाठवायचे, कधी डाळिंबाची पट्टी आली की. लागली ती लागली. बाकीची परत आली. परत आलेल्या पोरांचं काय होतं ते कुणी लिहीत नाही.

माझ्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा मुलगा असाच. सहा वर्षं पुण्यात काढली. दोनदा थोडक्यात गेलं. लॉकडाऊनमध्ये गावी आला तो पुन्हा गेलाच नाही. दिवसा घराबाहेर पडायचा नाही. कुणी भेटलं की विचारणार, 'काय, झाला का साहेब?' म्हणून अंधार पडल्यावर रानात जायचा, मोटारीपाशी बसून राहायचा. बाप सरळ माणूस, त्याला बोलायचं कसं ते कळेना. आई मला म्हणाली, "तात्या, तुमी तरी काय तर करा. पोरगं जेवतंय, निजतंय, पर बोलत न्हाय."

मी काय करणार? मी काही डॉक्टर नव्हे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं त्याला दाखवून आणा एवढं बापाला सांगितलं, आणि त्यानं ते ऐकलं, हे बरं झालं. माझ्या हातात एकच काम होतं. गुरुजींची नजर अधू झाली होती आणि दुकानाची वही तीन महिने मागं पडली होती. मी पोराला रात्री आठ वाजता वही नेऊन दिली. म्हटलं, "एवढं जुळवून दे. माझी बेरीज लागत न्हाय." चार दिवसांनी त्यानं वही परत दिली. बेरीज तर लावलीच होती, शिवाय शेवटच्या पानावर लिहिलं होतं की अमुक पुस्तकाच्या तीन प्रती वहीत आहेत, फळीवर आहेत का बघा. ते बघायला मी त्यालाच नेलं. रात्री नऊ वाजता, गाळ्याचं शटर अर्धं वर करून.

पुढं तो रोज संध्याकाळी यायला लागला. आधी नुसता हिशोब. मग फळ्या लावणं. मग एके दिवशी बघतो तर वाचत बसलेला. सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. मी जरा दचकलोच. शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा पोरगा, रान पिकत नाही, घरात रोज भांडण, असं ते पुस्तक. विदर्भातलं आहे, 2004 साली साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालेलं. मी होऊन त्याच्या हातात ते दिलं नसतं. पण त्यानं आपलं आपण उचललं होतं. वाचून झाल्यावर म्हणाला, "तात्या, मला वाटायचं ही गोष्ट माझ्या एकट्याचीच हाय." एवढंच. बाकी काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

2022 साली गाळ्याचा करार संपला. ग्रामपंचायतीनं रीतसर लिलाव केला. एका मोबाईलवाल्यानं महिन्याला 3000 ची बोली लावली. पंचायतीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, दिवाबत्तीलाही पैसा लागतो. पण आम्हाला 3000 झेपणार नव्हते. दुकान ठेवायचं का मोडायचं, ह्यासाठी देवळात सभा बसली.

त्या सभेत मोडायच्या बाजूनं बोलणारे वाईट नव्हते. एकजण म्हणाला, सहा वर्षं चाललं, हेच लई झालं. दुसरा म्हणाला, आता समदं मोबाईलवर मिळतंय. तिसऱ्यानं हिशोब मांडला: आहेत ती पुस्तकं त्रेसष्ट वाट्यांत वाटा, ज्याच्या वाट्याला जे येईल ते. भाऊबंदकीत भांडी वाटतात तसं. माना डोलायला लागल्या. गुरुजी खांबाला टेकून गप्प बसले होते.

मग पोरगा उभा राहिला. अहवाल वाचायचं काम त्याचं होतं. त्यानं नफा-तोटा दोन ओळींत सांगितला आणि उधारीची वही उघडली. नावं घेतली नाहीत. नुसतं वाचत गेला: शेळ्या राखणारी बाई, एक पुस्तक, वीस रुपयांचे सात हप्ते, फेडले. ऊसतोडीला जाणारं जोडपं, दोन पुस्तकं, परत आल्यावर फेडले. सातवीतली मुलगी, एक पुस्तक, राखीच्या पैशातून. ट्रॅक्टर ड्रायव्हर, चार पुस्तकं, एक बाकी. असं पाऊणेक तास. सहा वर्षांत बुडीत उधारी किती, तर 340 रुपये. आमच्या सोसायटीच्या अहवालात असा आकडा मी कधी ऐकला नाही.

तरी लोक गप्पच. तेव्हा त्याचा बाप उठला. हा माणूस कुठल्या सभेत कधी बोललेला नव्हता. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बंद करायचं आसंल तर करा, माझी काय ना न्हाय. पर ह्यो पोरगा दीड वरीस माझ्यासंगं बोलला न्हवता. हितं याला लागल्यापासनं रातच्याला जेवताना सांगतो, आज कोण आलं, काय नेलं. ही बाब त्या वहीत न्हाय, म्हणून सांगितली." आणि खाली बसला.

दूध संस्थेचे चेअरमन सभेत होते. तेही सभासद. म्हणाले, "आमचं केंद्र सकाळी दोन तास आन् संध्याकाळी दोन तास उघडं आसतं. मागच्या भिंतीला जागा हाय. कॅन ठेवतो तिकडं सोडून घ्या." हात वर झाले. दुकान राहिलं.

डेअरीत आल्यावर दोन गोष्टी घडल्या. त्या आमच्या कुणाच्याच डोक्यात आधी आल्या नव्हत्या.

एक म्हणजे बाया. चौकातल्या गाळ्यात सहा वर्षांत बाई अशी क्वचितच आली. चौकात पानटपरी, चहाचा गाडा, बसलेली माणसं. तिथं जाऊन पुस्तक चाळत उभं राहायचं तर कोण येणार? पण दूध घालायला घरोघरच्या बायाच येतात. किटली काट्यावर ठेवायची, फॅट लागेपर्यंत उभं राहायचं. समोर भिंतीला पुस्तकं. हात आपोआप जातो.

दुसरं म्हणजे दुधाचं बिल. आमच्याकडं दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातनं पशुखाद्य कापतात, उचल कापतात, औषध कापतात. पोरानं चेअरमनना विचारून कपातीत आणखी एक रकाना घातला, 'पुस्तक'. लेखी संमती घेऊन बिलामागं दहा-वीस रुपये. बरीच खाती बायांच्या नावावर. त्यामुळं नवऱ्याच्या खिशाकडं न बघता त्यांना पुस्तक घेता यायला लागलं. आमच्या घरातलीनं पहिलं पुस्तक तसंच घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ही चौथीपर्यंत शिकलेली, ओळीखाली बोट ठेवून वाचते. दुपारी भांडी झाली की पडवीत बसून वाचायची आणि एकटीच हसायची. मी विचारलं, काय एवढं? म्हणाली, "अवो, ह्या बाईचा नवरा तुमच्यावानीच हाय. जग सुधराया निघालाय आन् घरात मीठ न्हाय ते ठावं न्हाय." 1934 पासून चार भागांत निघालेलं हे पुस्तक आमच्या पडवीत असं पोचलं.

आता वाचकांसाठी थोडं पुस्तकांबद्दल. कुणी पुण्या-मुंबईचा पाहुणा डेअरीत आला की विचारतो, तुमच्याकडं काय खपतं? मी चार नावं सांगतो.

शेती करणाऱ्याला मी आधी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' देतो. 1981 चं पुस्तक, अजून ताजं आहे. अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेला जॉर्ज कार्व्हर पुढं शेतीशास्त्रज्ञ झाला. कापसावर कापूस घेऊन तिकडच्या जमिनी मेल्या होत्या. त्यानं लोकांना भुईमूग, रताळी लावायला शिकवलं, पिकाची फेरपालट शिकवली. शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते, म्हणून 1906 साली गाडीत अवजारं आणि बियाणं घालून शाळाच त्यांच्या दारात नेली. आमच्या इथला एक डाळिंबवाला ते वाचून म्हणाला, "तात्या, हे आपल्या आज्याला ठावं हुतं, आपण ठिबक आल्यावर इसारलो." त्यानं बागेच्या पट्ट्यांमधी चवळी टाकली आहे. डाळिंबाला त्याचा किती गुण येतो ते दोन वर्षांनी बघू, पण रान भुसभुशीत झालंय हे मी हातात माती घेऊन बघितलं.

शाळा सोडायच्या बेतात असलेल्या पोराला आणि त्याच्या बापाला आनंद यादवांचं 'झोंबी'. कागलचं रान, शाळेला हटकून आडवा येणारा बाप, आणि शिकायचंच म्हणून धडपडणारा पोरगा. 1990 साली त्याला अकादमीचं बक्षीस मिळालं. हे पुस्तक मी पोराला दिलं तर बापालाही वाचायला सांगतो. तो बाप नुसता दुष्ट नाही, पिचलेला आहे, हे बापालाच लवकर कळतं.

ज्याच्या रानात टेंभूचं पाणी आलंय त्याला विश्वास पाटलांचं 'झाडाझडती'. हे जरा मुद्दाम देतो. आमचा जन्म पाण्याची वाट बघण्यात गेला. कराडच्या खाली टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात, टप्प्याटप्प्यानं चढवून आमच्या माळाला आणतात. पाणी आलं तेव्हा आम्ही गुलाल उधळला, कॅनॉलला नारळ फोडला. पण कृष्णा तिथवर पोचेपर्यंत तिला कोयना मिळालेली असते, आणि कोयनेवर धरण आहे. धरण म्हटलं की कुणाची तरी गावं पाण्याखाली गेली. 'झाडाझडती' धरणग्रस्तांची गोष्ट आहे. आपल्या पायपातनं येणाऱ्या पाण्यात कुणाची चूल बुडालेली असते, हे मी ते वाचेपर्यंत मनात आणलं नव्हतं. आता मोटार सुरू केली की कधी कधी आठवतं. पाणी लावायचं कुणी थांबवा असं मी म्हणत नाही. पण सांडू नका, एवढं म्हणतो.

आणि ज्याला वाचता येत नाही त्याला बहिणाबाईंची गाणी. खानदेशातली ही बाई, स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली गेली, आणि पुस्तक 1952 साली निघालं. अडाणी बाईचं पुस्तक अडाणी बाई घेऊ शकते. डेअरीत दूध घालणाऱ्या एका आजींनी ते घेतलं. घरी नात वाचते, आजी ऐकतात. एक दिवस मला म्हणाल्या, "आमी पन जात्यावर लई म्हनायचो. कुनी लिवून घेतलं न्हाय." पोरगा काट्यापाशी उभा होता, त्यानं ते ऐकलं. त्याच दिवाळीपासून तो रविवारी दुपारी आजींकडं वही घेऊन बसतो. सव्वाशेच्या वर ओव्या लिहून झाल्यात. सांगलीच्या ताराबाई भवाळकरांनी आयुष्यभर बायांचं हे मौखिक धन गोळा केलं, अभ्यासलं. दिल्लीला 2025 साली 98 वं साहित्य संमेलन झालं, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. हे पोरानं आजींना सांगितलं, तर आजी म्हणाल्या, "मंग तिला म्हनावं हिकडं पन ये, माझ्या सरत आल्यात."

थोडी दुकानाची खबरबात. डिसेंबर 2024 मध्ये टपालखात्यानं छापील पुस्तकांची जुनी स्वस्त सेवा बंद केली. पुण्याहून एखाददुसरं पुस्तक मागवायचं तर टपालच महाग पडायला लागलं. चार-साडेचार महिने आम्ही कुणी पुण्याला जाणारा गाठून त्याच्या पिशवीत पुस्तकं घालून आणत होतो. मग 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. आता आम्ही पाच किलोचा मेळ बसेपर्यंत मागण्या साठवतो आणि एकदम मागवतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही आणखी एक सोय. साताऱ्याच्या 99 व्या संमेलनाचं अध्यक्षपद विश्वास पाटलांकडं गेल्याचं कळलं तेव्हापासून 'झाडाझडती' आणि 'पानिपत' दोन्हीची विचारणा वाढली आहे.

गुरुजी मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांचा शेअर त्यांच्या सुनेच्या नावावर केला. त्यांच्या घरची दोन कपाटं पुस्तकं सुनेनं दुकानाला देऊ केली. सभेनं ठरवलं की ती विकायची नाहीत. डेअरीच्या भिंतीला वेगळी फळी लावली आहे. त्यावरची पुस्तकं फुकट न्यायची आणि आणून द्यायची. म्हणजे गुरुजींना नको असलेलं वाचनालय त्यांच्याच पुस्तकांनी सुरू झालं. ते असते तर चिडले असते, आणि मग वहीला रेघा मारून दिल्या असत्या.

पोरानं आणखी एकदा परीक्षा दिली. झाली नाही. ह्या वेळी त्यानं ते स्वतः डेअरीत सांगितलं, काट्यावर दूध घालता घालता, आणि कुणी काही म्हणालं नाही. सकाळी तो बापाबरोबर डाळिंबाच्या छाटणीला जातो. संध्याकाळी दुकान बघतो. त्याबद्दल त्याला महिना 1500 रुपये द्यायचे असं यंदाच्या सभेत ठरलं. त्यानं बसायची जागाही बदलून घेतली, आता दाराच्या तोंडाशी बसतो. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस व्यायली, सगळं त्याला आधी कळतं.

पुढची मागणी येत्या अमावस्येला जाणार आहे. यादीत आत्तापर्यंत बावीस पुस्तकं झालीत, पाच किलोला अजून थोडी जागा आहे. म्हाताऱ्या धनगरांनी शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांवरचं मराठी पुस्तक मागवलंय, ते पहिलं लिहिलंय.